नंबरावरचं नाव

हरभरा सोंगायचा तो अंगावर दहिवर असेपर्यंत. ऊन चढलं की घाटे कडक होतात, विळा लागला रे लागला की तडतड फुटतात आणि दाणे मातीत सांडतात. पळायचं तेही ऊन चढायच्या आतच. सुलतानपूरच्या शेषरावांच्या घरात त्या फेब्रुवारीत जी कुरबुर चालली होती, तिचं मूळ एवढंच होतं. सकाळ एकच, आणि ती हरभऱ्यालाही पाहिजे होती आणि सुनेलाही.

सून वावरात पोचली तेव्हा तिच्या सासूची, गीताबाईची, तीन तासं, म्हणजे तीन ओळी, सोंगून झाली होती. गीताबाई उकिडवी बसून पुढे पुढे सरकत होती. डाव्या मुठीत झाडं, उजव्या हातात विळा. मान वर न करता तिनं विचारलं,

"आली का महारानी? किती पयली आज?"

"बारा."

"बारा काय?"

"किलोमीटर, आत्याबाई."

"बारा किलोमीटर पयली अन् आली कोठी? वावरातच ना? मंग थेट वावरातच येत जाय ना व. चार तासं तरी होतीन."

सुनेनं ओढणी कमरेला खोचली, विळा उचलला आणि शेजारच्या तासाला बसली. बसताना मांड्या थरथरल्या. हरभऱ्याच्या पाल्यावरची आंबट आंब तळपायाच्या भेगांत शिरली तशी ती दात आवळून 'स्स्' म्हणाली, पण हळू, सासूला ऐकू जाणार नाही असं. मजूर बाया त्या आठवड्यात कुणालाच मिळत नव्हत्या. साऱ्या गावाचा हरभरा एकदमच पिकला होता. तिचा नवरा राजकुमार आणि सासरे पेंढ्या वाहत होते. घरात माणसं चार आणि वावर पाच एकर. त्यातलं एक माणूस पहाटे बूट घालून लोणारच्या रस्त्यानं पळत सुटतं, हे गीताबाईला पटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिचं अगदीच चूक होतं असंही नाही.

"इकडं घाटे फुटून राह्यले," गीताबाई म्हणाली, "अन् तुले घाट चढाचा हाये."

हा घाट म्हणजे बुलढाण्याचा. तिथल्या एका मंडळानं अर्ध मॅरेथॉन ठेवली होती. गावातून निघायचं, राजूर घाट उतरून खाली जायचं, आणि तोच घाट चढून परत यायचं. एकवीस किलोमीटर. बायकांतल्या पहिल्या तिघी विभागाच्या संघात जाणार, तीन महिने शिबिर, मग राज्याची स्पर्धा. मेहकरच्या धम्मशीला मॅडमनी फोन करून हे सांगितलं होतं. लग्नाआधी कॉलेजात त्यांनीच तिला पळायला शिकवलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांनी तिला सोडलं नव्हतं.

फोन आला त्या दिवशी जेवताना शेषरावांनी निकाल दिला. शेषराव कमी बोलत. बोलले की शेजारच्या घरातही ऐकू जाई.

"जा बुलढान्याले. पयल्या तिघीत आली त मी अडवनार नाई, हरभरा असो का सोयाबीन असो. नाई आली, त हा इषय या घरात बंद. कायमचा." मग त्यांनी पोराकडे पाहिलं. "अन् पाहाले तुही माय येईन संगं. तू त बायको इसावी आली तरी तिसरी म्हनशीन."

राजकुमार हसला. सून हसली नाही. पळणं सुटलं तर आपण मरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खाऊ-पिऊ, सोंगू, निंदू, लेकरंबाळं होतील, हसूसुद्धा. नेमकी त्याचीच तिला भीती वाटत होती.

*

शनिवारी दुपारी तिघं एसटीनं बुलढाण्याला आली आणि गीताबाईच्या बहिणीकडे उतरली. नंबर आणायला नवरा-बायको मैदानावर गेली. टेबलावरच्या मुलीनं राजकुमारच्या मोबाइलमधला मेसेज पाहिला आणि पाकीट हातात दिलं. पाकिटात बनियन, चार सेफ्टी पिना आणि नंबर. दोनशे सोळा. आकड्याखाली ठसठशीत अक्षरात नाव: अनुपमा राजकुमार.

ती नावाकडे बघतच राहिली.

"अहो, हे काय?"

"काय म्हंजे? तुहं नाव."

"आधारवर मयुरी हाये ना. मयुरी महादेव."

"मंग काय झालं? सारं गाव तुले अनुपमाच म्हंते." राजकुमारला खरंच काही कळलं नव्हतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं त्यानं जे नाव लिहिलं, ते त्याच्या लेखी तिचं नाव. भटजींनी अक्षर काढून दिलं, शेषरावांनी नाव सुचवलं, त्यानं लिहिलं, वऱ्हाड्यांनी टाळ्या वाजवल्या. वावरात बांधावर बसून मोबाइलवर फॉर्म भरताना 'पूर्ण नाव' असं आलं तेव्हा त्यानं मोठ्या अभिमानानं तेच टाकलं. आधार त्या वेळी घरी डब्यात होतं. लग्नाचा दाखला काढायचा राहिला होता तो राहूनच गेला होता.

"बदलून मागू का?" त्यानं विचारलं. पण तोवर टेबलापुढे तीस जणांची रांग लागली होती आणि ती मुलगी कुणावर तरी खेकसत होती.

"राहू द्या," ती म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. उद्या पळायचं होतं. आपणही तिला तूर्त अनुपमाच म्हणू, नंबरावर तेच आहे.

*

सकाळी साडेसहाला थंडीनं हात सुन्न झाले होते. बायका चाळीसेक होत्या. बहुतेक मुली अर्ध्या चड्डीत, पातळ बुटांत. अनुपमाची पँट घोट्यापर्यंत, मंगळसूत्र बनियनच्या आत पिनेनं अडकवलेलं, हातात दोन काचेच्या बांगड्या. काढू का म्हणून तिनं सासूला विचारलं होतं, आणि सासूनं नुसतं बघितलं होतं. शेजारी अकोल्याची प्रतीक्षा नावाची मुलगी पाय झटकत उभी होती. तिच्या बुटांचा रंग रानातल्या पोपटासारखा होता.

"ताई, तू पहिल्यांदाच?" प्रतीक्षानं विचारलं.

"या घाटात पयल्यांदाच."

"उतारावर वेळ काढून घे. सगळे तिथंच काढतात."

धम्मशीला मॅडमनी बरोबर उलटं सांगितलं होतं. उतारावर कोणी पुढं गेलं तर जाऊ दे, चढावर भेटेलच. अनुपमानं मान हलवली आणि दोघींपैकी मॅडमचं ऐकायचं ठरवलं.

गाव संपलं, घाट सुरू झाला आणि मुली सुटल्या. डांबरावर चपाचप पावलं आपटत एकेक जण तिच्या बाजूनं पुढे गेली. प्रतीक्षा तर गिरकी घेऊन वळणाआड दिसेनाशी झाली. अनुपमाचे पाय सुटायला बघत होते, ती धरून ठेवत होती. छोटी पावलं, गुडघे थोडे वाकलेले. या वळणाला नववी, त्या वळणाला अकरावी. कठड्यावर वानरं बसली होती आणि खाली सागाची पानं गळून रान उघडं पडलं होतं. मनात शेषरावांचा आवाज घुमत होता, 'कायमचा'. अकरावी आलेल्या सुनेचं तोंड ते कसं बघतील, हेही दिसत होतं. एकदा तर वाटलं, मॅडमचं मरू दे, सुटावं.

ती सुटली नाही. खाली वळायच्या जागी पाण्याच्या टेबलाशी एक पोलीस उभा होता. तो मोजत होता.

"बाईमानसांत अकरावी!" तो ओरडला. "चाला, आता खरं सुरू!"

आणि खरंच तिथून सुरू झालं. तिनं अर्धा पेला पाणी प्यायलं, अर्धा मानेवर ओतला आणि वळली. ज्या उतारानं इतरांना पळवलं होतं त्यानंच त्यांच्या मांड्या ठेचल्या होत्या. हे तिला पहिल्याच चढणीला दिसलं. पुढची मुलगी कमरेवर हात ठेवून चालत होती. दुसरी कठड्याला धरून पोटरी चोळत होती. अनुपमाच्या मांड्या दुखत नव्हत्या असं नाही, पण ते दुखणं ओळखीचं होतं. तीन आठवडे रोज चार चार तास उकिडवं सरकलं की मांडीत जो गोळा येतो तोच हा. त्याच्यासकट संध्याकाळी भाकरी थापायची असते, म्हशीला पाणी दाखवायचं असतं. त्याला घाबरायचं तिला कारण नव्हतं.

आठवी झाली. सातवी झाली. ऊन डोंगरावरून खाली उतरून थेट डोळ्यात आलं. डाव्या पायाच्या अंगठ्याचं नख बुटाला लागत होतं, आणि थोड्या वेळानं बुटात ओलं लागायला लागलं. तळपायाच्या भेगा उघडल्या, घाम त्यात शिरला. तिला हरभऱ्याची आंब आठवली आणि तिनं तोंडातल्या तोंडात हरभऱ्याला एक सणसणीत शिवी दिली. त्यानं बरं वाटलं.

एका वळणावर मलकापूरची एसटी थांबवून ठेवली होती. खिडक्या-खिडक्यांतून माणसं बघत होती. एक म्हातारी अर्धी बाहेर आली आणि ओरडली,

"पय व माय, पय! बांगड्यावाली, पय!"

बसमधली पोट्टी हसली. "बांगड्यावाली, बांगड्यावाली" असा एकच गलका झाला. अनुपमाचा चेहरा आधीच लाल होता म्हणून ठीक. पण पाय मात्र जरा हलके झाले. पुढच्या चढात तिनं आणखी दोघींना मागं टाकलं. पाचवी.

घाट संपायच्या आधीचा चढ सगळ्यात वाईट. रस्ता सरळ वर जातो, वळण नाही, सावली नाही. तिथं चौथी मुलगी बाजूला बसून ओकत होती. अनुपमा क्षणभर थांबली, "पानी पाह्यजे का?" म्हणाली. मुलीनं हातानं 'जा' म्हटलं. मग गाव लागलं, दुकानांची शटरं उघडत होती, आणि शंभर पावलांवर पोपटी बूट दिसले. प्रतीक्षा पळत होती, पण तिचा उजवा पाय फरपटत होता. अनुपमा तिच्या बरोबरीला आली. दोघी काही वेळ खांद्याला खांदा लावून पळाल्या. दोघींचे श्वास एकमेकींना ऐकू येत होते.

"जा ताई," प्रतीक्षा म्हणाली. "माझं संपलं."

मैदानाच्या फाटकातून आत शिरताना अनुपमाला फक्त गर्दीचे पाय दिसत होते. पट्टी ओलांडली आणि ती गुडघ्यांवर पडली. कुणीतरी पाण्याची बाटली दिली. वर पाहिलं तर गीताबाई होती. एका हाताचा अंगठा तिसऱ्या पेरावर दाबून धरलेला, मोजणी विसरू नये म्हणून.

"तिसरी," गीताबाई म्हणाली. "मी मोजलं. एक ते उंच पोट्टी, एक ते केस कापेल, अन् तिसरी तू." मग खाली बघून, "पायातून रगत येऊन राह्यलं व तुह्या."

राजकुमार तिच्याशेजारी बसून लहान पोरासारखा रडत होता.

*

अर्ध्या तासानं माइकवरून नंबर दोनशे सोळाला टेबलाशी बोलावलं. टेबलापाशी शालिग्राम सर बसले होते. शाळेतून निवृत्त झालेले, मुख्य पंच. शेजारी संगणकापुढे एक तरुण पोरगा. आणि पुढ्यात प्रतीक्षाचे प्रशिक्षक, हरिओम सर, हातात नियमांचा कागद घेऊन.

"बाळा, आधार दाखव," शालिग्राम सर म्हणाले. पहिल्या तिघींचं ओळखपत्र तपासायचा नियमच होता. राजकुमारनं कार्ड पुढे केलं. सरांनी कार्डाकडे पाहिलं, नंबराकडे पाहिलं, पुन्हा कार्डाकडे.

"यावर मयुरी महादेव आहे."

"हो सर. मीच."

"आणि अनुपमा राजकुमार कोण?"

"तेबी मीच."

"सर, मागच्या वर्षी दुसऱ्याच्या नंबरावर पळणारे चौघं निघाले होते," हरिओम सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "नियम स्पष्ट आहे. नोंदणी एकीची, पळाली दुसरी. बाद."

चौथी आलेली प्रतीक्षा मागं लंगडत उभी होती. "सर, ती माझ्याच बाजूनं पळाली आहे. मी बघितलंय."

"पळाली नाही असं कोण म्हणतंय? कोण पळाली ते विचारतोय."

राजकुमारनं मोबाइल काढला. घाबऱ्या बोटांनी त्यानं लग्नपत्रिका शोधली आणि दाखवली. मयुरी आणि राजकुमार, सनई-चौघडे, सुलतानपूर. "हे पाहा ना सर. हेच माही बायको."

"म्हणजे तुमची बायको मयुरी," संगणकावरचा पोरगा म्हणाला. "मग अनुपमा दुसरी असेल!"

भोवतीची गर्दी खदखदून हसली. अनुपमानं मान खाली घातली. रक्तानं भरलेला मोजा तिला दिसत होता. एकवीस किलोमीटर ती कुठं मोडली नव्हती, इथं मोडली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायलाही तिचा हात उठेना. तिचं तिसरं येणं आता कागदावरून पुसलं जाणार होतं. घरी विषय बंद, कायमचा.

"सरका जरा." गीताबाई गर्दीतून पुढे आली. तिनं पदर खोचला, जसा विळा हातात घेण्याआधी खोचते तसा. "कोन हाये ते दुसरी म्हननारा?"

पोरगा संगणकात डोकं खुपसून बसला.

"बापा, माह्या पोराले एकच बायको हाये. दोन असत्या, त आज एक तरी हरभऱ्यात राह्यली असती."

पुन्हा हसू फुटलं, पण आता ते गीताबाईच्या बाजूचं होतं. शालिग्राम सरही हसले.

"तुम्ही कोण, मावशी?"

"सासू. हे पोट्टी मयुरी म्हनून आमच्या घरी आली. अनुपमा आम्ही केली. तिले इचारलं बी नाई कोनी. आमी हाऊस केली, अन् सजा तिले?" तिचा आवाज अचानक खाली आला. "मले त हे पयनं पटतच नव्हतं सर. पन आज मी मोजलं ना. तिसरीच हाये थे."

शालिग्राम सरांनी टेबलावरचं पेन उचललं. मग हरिओम सरांना म्हणाले, "सासरच्या वडीलधाऱ्या माणसानं लेखी दिलं तर मला चालेल. तुम्हाला?"

हरिओम सरांनी प्रतीक्षाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "लेखी द्या," ते म्हणाले.

सरांनी स्वतः कागद लिहिला. मयुरी महादेव आणि अनुपमा राजकुमार ही एकच व्यक्ती असून माझी सून आहे. गीताबाईचं आधार पाहून त्यावरचा आकडा उतरवला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"शाई आना," गीताबाईनं अंगठा पुढे केला.

"शाईचं पॅड नाही हो इथं. सही येत नाही?"

गीताबाईनं अंगठा मागं घेतला. तिनं गर्दीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. "येते," ती म्हणाली. "चवथीलोक शिकली मी."

तिनं पेन धरलं. टेबलावर वाकून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर दाबून लिहिलं, आणि शेवटी वरची रेघ डावीकडून उजवीकडे नीट ओढली. अक्षर चौथीतल्या मुलीचंच होतं, गोल आणि स्वच्छ. शालिग्राम सरांनी कागद उचलला, वाचला, आणि चष्मा वर केला.

"मावशी, हे रुख्मिणी लिहिलंत तुम्ही. आधारवर गीताबाई आहे."

"हाव. गीताबाई इकडचं." गीताबाईनं पेनाला टोपण लावलं. "थे लिहाले मले कोनी शिकवलंच नाई. इकडं आल्यापासून अंगठाच चालते."

हरिओम सर नियमांचा कागद घडी करून खिशात घालत होते. शालिग्राम सरांनी पेन पुन्हा उघडलं, तिच्या सहीच्या खाली 'ऊर्फ गीताबाई' असं लिहिलं, तारीख टाकली आणि स्वतःची सही केली. मग ते माइकजवळ गेले. तिसरा क्रमांक, मयुरी महादेव, सुलतानपूर. टाळ्या पडल्या, सगळ्यात जोरात प्रतीक्षाच्या.

दुपारच्या एसटीत मयुरी खिडकीशी बसली होती, पाय सासूच्या पिशवीवर ठेवून. सासूनंच ठेवायला लावले होते. राजकुमार पुढच्या सीटवर फोनवर बापाला ओरडून ओरडून सांगत होता, तिसरी बाबा, तिसरी, मायनं मोजलं. गीताबाई मेडल मांडीवर घेऊन त्यावरची अक्षरं लावत होती. मयुरीनं बराच वेळ धीर गोळा केला.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "गीताबाई लिहाले शिकवू का तुमाले? सोप्पं हाये."

गीताबाईनं मान वर केली नाही.

"नोको व," ती म्हणाली. "एवढं एक राहू दे."